विल्यम स्टुकली: डॉक्टर, पाद्री आणि दगडांमागे लागलेला माणूस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूटनच्या सफरचंदाचा किंवा स्टोनहेंजचा (इंग्लंडमधलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) विषय निघाला की मी दरवेळी या माणसाचं नाव घेते आणि मग तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे लांबलंय, तेवढं चालवून घ्या. घाई असेल तर निदान एव्हबरीचा (दगडांचं असंच दुसरं वर्तुळ) प्रश्न तरी वाचाच.

हा स्टुकली नक्की कोण?

अठराव्या शतकातला इंग्रज. ७ नोव्हेंबर १६८७ ला लिंकनशायरमधल्या होल्बीच गावात जन्मला, ३ मार्च १७६५ ला लंडनमध्ये गेला. आधी डॉक्टर होता, मग एक्केचाळिसाव्या वर्षी दीक्षा घेऊन चर्चमध्ये आला आणि शेवटपर्यंत पाद्रीच राहिला. पण डॉक्टरकीच्या काळात काय आणि पाद्री झाल्यावर काय, डोक्यात एकच नाद, जुने दगड, जुने रस्ते, जुनी नाणी, जमिनीतले उंचवटे. इंग्लंडमध्ये ज्या जागा आज जगप्रसिद्ध आहेत, स्टोनहेंज आणि एव्हबरी, त्यांची पहिली खरी नीट मोजणी याने केली. आणि न्यूटनच्या तोंडून सफरचंदाची गोष्ट ऐकून ती लिहून ठेवणाराही हाच.

त्याला अँटिक्वेरी म्हणतात, म्हणजे आर्किऑलॉजिस्टच ना?

नाही, थोडा फरक आहे. तेव्हा आर्किऑलॉजी असं काही शास्त्रच नव्हतं. अँटिक्वेरी म्हणजे जुन्या गोष्टींचा नाद असलेला शिकलेला माणूस, जो शिलालेख उतरवून घेतो, नाणी जमवतो, पडक्या भिंतींची चित्रं काढतो, जुनी कागदपत्रं वाचतो आणि हे सगळं मित्रांना पत्रातून कळवतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग ही विभागणी तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती, ती एकोणिसाव्या शतकात आली. आर्चबिशप अशर यांनी बायबलवरून हिशोब मांडून जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली असं सांगितलं होतं आणि भलेभले शिकलेले लोक ते धरून चालायचे. म्हणजे स्टुकलीला जे काही सापडेल ते या पावणेसहा हजार वर्षांत बसवायचं होतं, त्यातही महापूर, अब्राहम, रोमन हे सगळं मधे. आपण आज त्याच्या चुका दाखवतो तेव्हा त्याच्या हातात घड्याळच चुकीचं होतं हे विसरून चालणार नाही.

असे पाद्री तेव्हा खूप होते का? धर्माचं काम सोडून दगड कसले मोजायचे?

भरपूर होते. इंग्लंडमध्ये खेड्यातल्या पाद्र्याला राहायला घर, बांधलेलं उत्पन्न, विद्यापीठातलं शिक्षण, लॅटिन-ग्रीक वाचता येणार, आणि गावाची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, चर्चमधल्या जुन्या कबरी, भिंतींवरचे लेख सगळं हाताशी. गावात असा दुसरा माणूसच नसायचा. त्यामुळे त्या देशाचा बराचसा स्थानिक इतिहास, पक्ष्या-फुलांच्या नोंदी, हवामानाच्या नोंदी पाद्र्यांनीच लिहिलेल्या आहेत. कॉलेजात स्टुकलीचा मित्र असलेला स्टीफन हेल्स हा पण पुढे पाद्री झाला आणि झाडांमधून पाणी वर कसं चढतं, घोड्याचा रक्तदाब किती हे त्याने मोजलं. त्यांना हे धर्माचं काम सोडून केलेलं वाटतच नव्हतं, देवाने केलेलं जग नीट बघणं हा धर्माचाच भाग.

घरची परिस्थिती कशी होती?

वडील वकील. पोराने आपल्याच ऑफिसात बसावं ही त्यांची इच्छा, आणि थोडे दिवस बसवलंही, पण पोराचं मन त्यात लागेना. शेवटी १७०३ ला केंब्रिजला पाठवलं, आज ज्याला कॉर्पस क्रिस्टी म्हणतात त्या कॉलेजात. तिथे वैद्यक शिकला, वनस्पती गोळा करत रानोमाळ फिरला, आणि प्राण्यांची चिरफाड करायला कॉलेजने एक खोली दिली होती तिथे तासन्‌तास बसायचा. मग १७०६ मध्ये वडील गेले आणि पुढच्याच वर्षी आई. मोठा मुलगा, विशीतला, आणि वडिलांनी ठेवलेलं देणं आणि धाकटी भावंडं अंगावर. हे वाचताना मला नेहमी वाटतं की याचा सगळा उत्साह, ती सगळी धावपळ, या दोन वर्षांनंतरची आहे.

लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉक्टर रिचर्ड मीडच्या हाताखाली शिकून १७१० मध्ये लिंकनशायरमधल्या बॉस्टनला प्रॅक्टिस सुरू केली (अमेरिकेतलं नव्हे, मूळचं बॉस्टन) आणि १७१७ ला परत लंडन गाठलं.

हत्तीची काय भानगड आहे?

भानगड काही नाही, सरळ शास्त्राचं काम. १७२० मध्ये लंडनमध्ये एक हत्ती मेला आणि हॅन्स स्लोन या बड्या डॉक्टरसोबत (ज्याच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं) स्टुकलीने त्याचं शवविच्छेदन केलं. १७२२ ला त्याने डॉक्टरांच्या कॉलेजात प्लीहेवर भाषण दिलं, ते पुढच्या वर्षी छापलं तेव्हा त्यात या हत्तीच्या शरीररचनेच्या नोंदी आणि चित्रं जोडली. मला यात महत्त्वाचं काय वाटतं तर हा हात कापायला, बघायला आणि बघितलेलं कागदावर उतरवायला तयार झालेला हात होता. दगडांकडे तो याच हाताने गेला.

स्टोनहेंज त्याने शोधलं असं म्हणतात, खरं का?

नाही नाही. स्टोनहेंज सगळ्यांना दिसतच होतं, उघड्या माळावर उभं आहे ते. प्रश्न होता ते कुणाचं. इनिगो जोन्स नावाच्या प्रसिद्ध आर्किटेक्टचं मत होतं की हे रोमन देऊळ आहे, इतकं मोजून-मापून केलेलं काम रानटी ब्रिटनांना कुठून जमणार. वॉल्टर चार्लटन म्हणाला डेन्मार्कच्या लोकांचं. दोघांनाही वाटत होतं की इथल्या मूळच्या माणसांच्यात ती कुवत नव्हती.

स्टुकली मे १७१९ मध्ये पहिल्यांदा तिथे गेला आणि पुढे १७२४ पर्यंत जवळजवळ दरवर्षी जात राहिला. दिवसच्या दिवस माळावर काढायचा. १७२३ मध्ये लॉर्ड विंचिल्सी आणि तो असे दोघांनी मिळून तिथे दोन हजार मापं घेतली, दोन हजार! त्याआधी दगडांपलीकडे फारसं कुणी बघितलं नव्हतं, हा मात्र दगडांकडे पाठ करून गवताकडे बघायला लागला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीतले अगदी हलके चढउतार दिसतात ना, तसे त्याला दोन समांतर बांध दिसले, दगडांपासून निघून लांब जाणारे. तो स्टोनहेंजचा जुना रस्ता, त्याला त्याने ॲव्हेन्यू नाव दिलं. मग ऑगस्ट १७२३ मध्ये त्याच्या उत्तरेला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा, दोन्ही बाजूंनी बांध असलेला पट्टा सापडला, त्याला वाटलं रथांच्या शर्यतीचं मैदान असणार म्हणून लॅटिनमधलं ‘कर्सस’ नाव दिलं. शर्यतीचं मैदान ते नाहीये, स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांपेक्षाही जुनं आहे, पण नाव तेच राहिलंय आणि आज ब्रिटनमध्ये अशी जी जी बांधकामं सापडतात त्यांना कर्ससच म्हणतात. दोन उभे दगड आणि वर एक आडवा, या रचनेला ‘ट्रायलिथॉन’ म्हणतात तो शब्द पण याचाच.

आणि स्टोनहेंजचा मुख्य अक्ष ईशान्येला, जिथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य उगवतो तिकडे तोंड करून आहे, हे पण लिहिणारा पहिला तोच. आज २१ जूनला पहाटे तिथे हजारो लोक जमतात, त्याची सुरुवात या नोंदीपासून होते.

मग एव्हबरीचं काय? तुम्ही सारखं तेच सांगता.

हो, कारण तिथे तो वेळेवर पोचला.

एव्हबरी स्टोनहेंजच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर. दगडांचं वर्तुळ इतकं मोठं, साधारण ३३० मीटर व्यासाचं, की गावाचा काही भाग त्याच्या आतच वसलाय. जॉन ऑब्री नावाचा माणूस १६४९ मध्ये शिकारीला गेला असताना तिथून जात होता आणि बघून थक्क झाला, त्याने नोंदी पण केल्या, पण त्या छापल्याच गेल्या नाहीत. स्टुकलीने त्या नोंदींची हाताने उतरवलेली प्रत वाचली आणि रॉजर आणि सॅम्युअल गेल या भावांबरोबर तिकडे निघाला.

आणि बघतो तर काय, गावकरी दगड फोडतायत. घरं बांधायला, कुंपणं घालायला, शेत मोकळं करायला. पद्धत त्याने बारकाईने लिहून ठेवलीय: दगडाच्या शेजारी खड्डा खणायचा, दगड त्यात पाडायचा, खाली गवताचा पेंढा भरून पेटवायचा, दगड चांगला तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि लगेच त्या रेघेवर घणाने हाणायचं. कडकन्‌ तुकडे. फोडणाऱ्यांची नावंसुद्धा लिहिलीत, त्यातल्या टॉम रॉबिन्सन नावाच्या माणसावर त्याचा भयंकर राग. प्राचीन काळी देऊळ जाळणाऱ्या हेरोस्ट्रेटसचं नाव त्याने याला दिलंय.

त्याच्या हातात सत्ता नव्हती, जागा त्याच्या मालकीची नव्हती, दगड वाचवणारा कायदा तर दीडशे वर्षं लांब होता. करता येण्यासारखी एकच गोष्ट होती ती त्याने केली. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, जमिनीतले जळके खड्डे बघून, कुठला दगड उभा आहे, कुठला आडवा पडलाय, कुठला गेल्या काही वर्षांत गेला, कुणी फोडला, हे सगळं एकेक करून नकाशावर मांडलं. सहा वर्षं. शेजारच्या ओव्हर्टन टेकडीवर दगडांची दोन वर्तुळं होती, एकात एक, त्याला गावातले लोक ‘सँक्चुअरी’ म्हणायचे. ती त्याने बघितली, चित्र काढलं, आणि १७२४ मध्ये परत आला तेव्हा ती गेलेली होती. म्हणजे दोन वर्षं उशीर झाला असता तर ती जागा कायमची पुसली गेली असती. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन या बाईंनी त्याच्याच चित्रावरून जागा ओळखून तिथे खणलं आणि दगडांचे खड्डे बरोब्बर सापडले.

मी स्विंडनला राहायचे तेव्हा (तिथे गोव्याकडची माणसं इतकी आहेत की बसस्टॉपवर कोकणी-मराठी सहज कानावर पडते) रविवारी बसने एव्हबरीला जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला नुसते दगड आणि मेंढ्या दिसल्या. दुसऱ्या वेळी फोनमध्ये स्टुकलीचा नकाशा घेऊन गेले आणि एका गवताळ खळग्यापाशी उभी राहिले जिथे त्याने ‘हा दगड गेला’ अशी खूण केलीय. पाच मिनिटं तिथून हलता आलं नाही मला.

इतका शहाणा माणूस, मग हे दगड ड्रुइडांनी (प्राचीन ब्रिटनमधल्या पुजाऱ्यांनी) उभारले हे खूळ कुठून आलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ‘वेडा ड्रुइड पाद्री’ असं एका वाक्यात त्याला उडवून लावलेलं मी खूप ठिकाणी वाचलंय, ते मला पटत नाही. त्याचा विचार पायरी-पायरीने बघा.

पहिली पायरी, हे रोमनांच्या आधीचं आहे. हे त्याने सिद्ध केलं, आणि कसं, तर जमीन बघून. एव्हबरीजवळ सिल्बरी हिल म्हणून माणसांनी रचलेली प्रचंड मातीची टेकडी आहे. रोमन रस्ते सरळ जातात हे सगळ्यांना माहीत, पण इथे रोमन रस्ता टेकडीपाशी येऊन वळसा घालतो. म्हणजे रस्ता आखला तेव्हा टेकडी आधीच तिथे होती. डॉर्सेटमध्ये ओकली डाउनला त्याने याच्या उलट बघितलं, रोमन रस्ता एका जुन्या थडग्याच्या कडेला कापून पुढे गेलाय. म्हणजे थडगं आधीचं. कुठलं कशाला कापतं त्यावरून आधीचं-नंतरचं ठरवायचं, हे आज आर्किऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. याने ते १७२० च्या दशकात, कुणी न शिकवता केलं.

दुसरी पायरी, रोमनांच्या आधी ब्रिटनमध्ये देवळं कोण चालवत होतं? लेखी पुरावा एकच, सीझर, टॅसिटस वगैरे जुन्या लेखकांनी ड्रुइड नावाच्या पुजाऱ्यांबद्दल लिहिलंय. दुसरं कुठलं नावच उपलब्ध नव्हतं. मग ड्रुइड. इथपर्यंत मला तरी काही वेडेपणा दिसत नाही.

तिसऱ्या पायरीवर मात्र पाय घसरला. ड्रुइड हे अब्राहमच्या काळात पूर्वेकडून आलेले, मूळचा शुद्ध धर्म पाळणारे, अगदी ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याची त्यांना आधीपासून कल्पना होती असं त्याने मांडलं. त्यांचं स्वतःचं मोजमाप होतं म्हणून २०.८ इंचांचा एक ‘ड्रुइडी हात’ काढला. त्यांना होकायंत्र माहीत असणार असं धरून, चुंबकीय सुई काळानुसार सरकते त्या हिशोबाने स्टोनहेंजचं वर्ष ख्रिस्तपूर्व ४६० काढलं. आज आपल्याला माहीत आहे की तिथले मोठे दगड ख्रिस्तपूर्व २५०० च्या आसपासचे आहेत, म्हणजे ड्रुइडांचा पहिला उल्लेख यायच्या दोन हजारहून जास्त वर्षं आधीचे. पण वर्ष काढायला कुठलंतरी मोजता येणारं साधन वापरून बघावं, हे सुचणं पण काही कमी नाही.

त्याने मापं बदलली असा आरोप आहे, तो खोटा ना?

खोटा नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. एव्हबरीच्या वर्तुळातून दोन बाजूंना दगडांच्या रांगा निघतात. पुढे त्याच्या मनाने घेतलं की हे सगळं मिळून वर्तुळातून जाणारा एक मोठा साप आहे, ईश्वराचं चिन्ह. सापाला डोकं पाहिजे, म्हणून टेकडीवरची ती सँक्चुअरी, जी त्याने जागेवर गोल मोजली होती, ती १७४३ च्या पुस्तकात लंबगोल करून छापली.

नशीब एवढंच की मूळच्या वह्या आणि जागेवर केलेली चित्रं त्याने फाडून टाकली नाहीत. म्हणून त्याची चूक आपल्याला कळते ती त्याच्याच कागदांवरून. मी तर कुणालाही हेच सांगते, १७१९ ते १७२४ च्या नोंदींवर डोळे झाकून भरवसा ठेवा, आणि १७४० च्या स्टोनहेंजच्या आणि १७४३ च्या एव्हबरीच्या पुस्तकातला सिद्धान्ताचा भाग एका पाद्र्याचं प्रवचन म्हणून वाचा.

डॉक्टरकी सोडून पाद्री का झाला? पैशांसाठी?

एकच कारण नव्हतं. १७२६ ला त्याने लंडन सोडलं आणि ग्रँथमला घर केलं, बाग लावली, बागेत झाडांची वर्तुळं करून आपलं छोटंसं ड्रुइडी देऊळ उभारलं. संधिवाताचा (गाउटचा) त्रास जोरात होता आणि त्या काळात डॉक्टर म्हणजे घोड्यावरून गावोगाव फिरणं. लग्न झालं होतं, स्थिर उत्पन्न हवं होतं. पण पत्रांवरून दिसतं की देवाविषयीची त्याची ओढ खरी होती. धर्मग्रंथांवर शंका घेणाऱ्यांची तेव्हा लंडनमध्ये चलती होती आणि आपल्या दगडांतून त्यांना उत्तर देता येईल असं त्याला मनापासून वाटायला लागलं होतं. आर्चबिशप विल्यम वेक यांनी १७२९ मध्ये त्याला दीक्षा दिली आणि तो स्टॅमफर्डला ऑल सेंट्स चर्चचा व्हिकर (तिथला पाद्री) झाला. १७४७ ला ड्यूक ऑफ माँटेग्यूने लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधलं सेंट जॉर्ज द मार्टर चर्च देऊ केलं, तिथे शेवटपर्यंत राहिला.

काही जण म्हणतात पाद्री झाला आणि डोकं फिरलं. असं सरळ नाहीये ते, देवळाची आणि मूळ धर्माची ओढ आधीच्या वह्यांतही दिसते. फरक पडला तो एवढाच की माळावर जाऊन मोजणं थांबलं आणि टेबलाशी बसून जुळवणं सुरू झालं.

पाद्री म्हणून लोकांना आवडायचा का?

त्याच्या दोन गोष्टी सांगते, त्यावरून तुम्हीच ठरवा. १ एप्रिल १७६४ ला रविवारी सूर्यग्रहण होतं तर याने प्रार्थनाच पुढे ढकलली, लोकांना ग्रहण बघता यावं म्हणून. आणि पंचाहत्तरीच्या पुढे पहिल्यांदा चष्मा लावून प्रवचनाला उभा राहिला तेव्हा बायबलमधली ओळ निवडली ती अशी की आता आपल्याला काचेतून अंधुक दिसतं.

न्यूटन आणि सफरचंद – डोक्यात पडलं होतं का?

डोक्यात पडलं असं स्टुकलीने कुठेही लिहिलेलं नाही. दोघे लिंकनशायरचे, ओळख चांगली. १५ एप्रिल १७२६ ला तो केन्सिंग्टनला न्यूटनकडे गेला, जेवण झालं, हवा छान उबदार होती म्हणून दोघे बागेत सफरचंदाच्या झाडाखाली चहा पीत बसले, दोघेच. न्यूटन तेव्हा ८३ वर्षांचा. बोलता बोलता म्हणाला, गुरुत्वाकर्षणाचा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा मी असाच बसलो होतो, विचारात होतो आणि एक सफरचंद पडलं, तेव्हा वाटलं हे नेहमी सरळ खालीच का येतं, बाजूला किंवा वर का जात नाही. एवढीच गोष्ट. ही एकट्या स्टुकलीची पण नाही, न्यूटनच्या भाचीचा नवरा जॉन कॉन्ड्युइट याने पण सफरचंदाचं लिहून ठेवलंय, पण त्या दुपारची हवा, चहा, झाडाची सावली हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते स्टुकलीमुळे.

त्याहून मला आवडतं ते पुढचं. न्यूटन १७२७ ला गेला तेव्हा स्टुकली ग्रँथमला होता, आणि न्यूटन शाळेत होता ते गाव पण ग्रँथमच. मग हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेला आणि विचारत बसला, हा पोरगा लहानपणी कसा होता हो? त्याच्यामुळे कळतं की न्यूटनने पवनचक्कीची छोटी प्रतिकृती करून ती उंदराकडून चालवली होती, पतंगाला कंदील बांधून रात्री उडवायचा, भिंतीवर सावलीची घड्याळं कोरायचा. हे सगळं १७५२ मध्ये त्याने एकत्र लिहून काढलं. ते हस्तलिखित रॉयल सोसायटीकडे आहे, २०१० पासून इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलंय, स्टुकलीच्या स्वतःच्या अक्षरात वाचता येतं. जरूर बघा.

त्याला कुणीतरी फसवलं होतं म्हणे?

हो, आणि फार वाईट फसवलं. १७४७ मध्ये कोपनहेगनहून चार्ल्स बर्ट्रम नावाच्या तरुण इंग्रजीच्या शिक्षकाचं पत्र आलं की माझ्या बघण्यात एक जुनं हस्तलिखित आहे, एका मध्ययुगीन साधूने लिहिलेलं, रोमन काळातल्या ब्रिटनच्या भूगोलावर. स्टुकली अर्थातच हरखला. अक्षराचा नमुना मागवला, तो एका जाणकाराला दाखवला, त्याने सांगितलं चारशे वर्षं जुना असेल. मग स्टुकलीने बर्ट्रमच्या मागे लागून सगळा मजकूर मिळवला आणि १७५७ मध्ये त्यावर छापलं. मूळ हस्तलिखित कधी कुणी बघितलंच नाही, कारण ते नव्हतंच. सगळं बर्ट्रमने रचलेलं. शंभरहून जास्त वर्षं मोठमोठे इतिहासकार त्यावर विसंबून राहिले, नकाशांवर त्यातली नावं चढली, उत्तर इंग्लंडमधल्या डोंगररांगेचं पेनाइन्स हे नाव रूढ झालं त्यातही या पुस्तकाचा हात मानतात. १८६० च्या दशकात लबाडी उघड झाली.

लोक यावरून त्याला भोळा म्हणतात. पण तो ज्यांना विचारायला हवं त्यांना विचारूनच पुढे गेला होता, आणि अनोळखी तरुणाच्या पत्राला त्याने आदराने उत्तर दिलं हा मला तरी दोष वाटत नाही.

संस्था-बिंस्था काही काढल्या का?

लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजच्या उभारणीत तो होता, १७१८ पासून तिचा पहिला सेक्रेटरी. ती संस्था आजही चालू आहे. त्याच सुमारास रॉयल सोसायटीचा फेलो (सभासद) पण झाला. १७२२ मध्ये मित्रांना घेऊन ‘रोमन नाइट्स’ नावाची मंडळी जमवली, रोमन अवशेष जपायचे म्हणून, प्रत्येकाने एक जुनं नाव घ्यायचं, याचं नाव चिंडोनॅक्स. आणि त्यात बायकांना सभासद करून घेतलं होतं, लेडी हर्टफर्ड त्यातल्याच. रॉयल सोसायटीत किंवा अँटिक्वेरीजच्या सोसायटीत तेव्हा हे नव्हतं.

बायको, मुलं?

पहिली बायको फ्रान्सेस, १७३७ ला गेली, मुली होत्या. नंतर त्याने एलिझाबेथ गेलशी लग्न केलं, म्हणजे ज्या गेल भावांबरोबर तो दगड बघत हिंडला त्यांचीच बहीण.

भूकंपाबद्दल पण लिहिलंय ना?

लिहिलंय. १७५० मध्ये ८ फेब्रुवारीला आणि बरोबर महिन्याने ८ मार्चला लंडन हललं, लोक घाबरून शहर सोडून पळाले. स्टुकलीने मांडलं की भूकंप विजेमुळे होतात. चूक होतं, पण वीज हा तेव्हाचा सगळ्यात ताजा विषय होता आणि हा पासष्टीकडे झुकलेला पाद्री ते वाचून होता.

आज त्याचं किती खरं ठरलंय?

ड्रुइड नाहीत, साप नाही, वर्षं चुकली. पण त्याने ‘हे मी बघितलं’ म्हणून जे लिहिलं ते परत परत खरं निघतंय. स्टोनहेंजच्या ॲव्हेन्यूचा काही भाग पुढे नांगरणीत दिसेनासा झाला होता, तो १९२० च्या दशकात विमानातून काढलेल्या फोटोत पिकांच्या रंगावरून परत दिसला. सगळ्यात मोठी गोष्ट बेकहॅम्पटन ॲव्हेन्यूची. स्टुकली म्हणाला होता की एव्हबरीहून पश्चिमेला पण दगडांची एक रांग जाते. पुढे तिथे जेमतेम दोन दगड उरले, आणि सापाला शेपटी हवी म्हणून याने रांग मनाने घातली असं बरेच जण म्हणायला लागले. १९९९ मध्ये तिथे खणलं तर पुरलेले दगड आणि फोडलेल्या दगडांचे खड्डे सापडले. रांग होती. माणसाचा शब्द खरा ठरायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली.

शेवट कसा झाला?

फेब्रुवारी १७६५ च्या शेवटी घरी कोचावर पडून होता, घरकाम बघणारी बाई त्याला वाचून दाखवत होती. ती जरा बाहेर गेली आणि परत येईपर्यंत त्याला अर्धांगाचा झटका आला होता. ३ मार्चला गेला, ७७ वर्षांचा होता. ईस्ट हॅमच्या चर्चच्या आवारात एक जागा त्याने आधीच पसंत करून ठेवली होती, तिथे पुरलं. वर दगड उभारू नका, नुसतं गवत सारखं करा, असं सांगून ठेवलं होतं. तसंच केलं.

मला बघायला जायचंय, आधी कुठे जाऊ?

आधी एव्हबरी. स्टोनहेंजला तिकीट आहे आणि एरवी दगडांच्या आत जाऊ देत नाहीत, एव्हबरीला वर्तुळात फिरायला पैसे लागत नाहीत आणि दगडांना हात लावता येतो. स्विंडनहून बस मिळते. वर्तुळाच्या मधूनच गाडीरस्ता जातो, मधेच पब आहे, तेव्हा मुलं बरोबर असतील तर रस्त्याकडे लक्ष ठेवा. १९३० च्या दशकात अलेक्झांडर किलर नावाच्या माणसाने, घरचा मार्मालेडचा धंदा, त्या पैशातून तिथली जमीन घेतली आणि पुरलेले दगड काढून परत उभे केले. जिथले दगड फोडून कायमचे गेले तिथे त्याने काँक्रीटचे बुटके खांब लावलेत. बहुतेक लोक त्यांच्याकडे बघत पण नाहीत, मेंढ्या अंग घासतात त्यांना. तुम्ही स्टुकलीचा नकाशा फोनमध्ये उघडा आणि त्या एखाद्या खांबापाशी थांबून, त्या जागी त्याने काय लिहिलंय ते बघा.